कापसाच्या खोलीचं कुलूप

कापसाच्या खोलीत रोज एक खड्डा पडायला लागला, तेव्हा आमच्या घरात प्रत्येकाला चोर सापडला. फक्त प्रत्येकाचा चोर वेगळा होता. बाबांचा संशय नामदेववर, म्हणजे आमच्या सालदार गड्यावर. मायचा संशय माझ्यावर. पार्वताकाकींचा संशय मायवर. आणि मी घरात सगळ्यात लहान, म्हणून कोणालाच न वगळता सगळ्यांवर संशय घेत होते. आमचं घरच तसं होतं. आम्ही एकमेकांवर जीव टाकायचो, पण विश्वास टाकताना हात आखडता घ्यायचो. दूध नासलं तरी ते आपोआप नासलं असं आमच्याकडे कोणी मानत नसे.

ही खोली मधल्या घराला लागून होती. एरवी तिच्यात दोरखंडं, रिकामी पोती, वखराच्या पासा असं काहीबाही पडलेलं असायचं. दिवाळीनंतर वेचणी रंगात आली की बाबा ती झाडून-सारवून मोकळी करत, आणि मग रोज संध्याकाळी बायांनी वेचून आणलेल्या कापसाची गाठोडी तिथं उलटी व्हायची. खरेदी केंद्रावर गाड्यांची ही लांब रांग असायची, त्यामुळे आपला नंबर लागेपर्यंत कापूस घरातच राहायचा आणि ढीग चढत चढत खिडकीच्या गजांना लागायचा. त्या खोलीत शिरलं की बाकीचं घर एकदम लांब जायचं. अंगणात माय भांडी आपटतेय, गोठ्यात बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजतायत, हे सगळं ऐकू यायचं बंद व्हायचं. सरकीचा उबट, तेलकट वास यायचा आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जायचे. लहानपणी आम्ही दोघी बहिणी फळीवर चढून त्या ढिगात उड्या मारायचो आणि मार खायचो, कारण कापूस म्हणजे लक्ष्मी. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य झाला की त्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, आणि महिन्याच्या त्या दिवसांत तर बाईमाणसानं उंबऱ्यालाही शिवायचं नाही. तिथं कोणी बाळंत होईल, असं तर कोणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

त्या वर्षी माझी मोठी बहीण, शकूताई, दुसऱ्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. पहिलंही आमच्याकडेच झालं होतं, आणि ते लेकरू जन्मतःच गेलेलं निघालं होतं. रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी आणि पुढचं सासरी. मग ही दुसऱ्यांदा काऊन आली, हा प्रश्न गावात पाण्यावर, दळणावर, सगळीकडे विचारून झाला. मायला वाटे, सासरच्यांनी अपशकुनी म्हणून धाडून दिली असेल. ताईला विचारलं तर ती फक्त म्हणायची, "मले यावंसं वाटलं." हे उत्तर आमच्या घरात चालण्यासारखं नव्हतं. कोणाला काही नुसतंच वाटतं, यावर आमचा विश्वास नव्हता.

तिच्यामागोमाग चार दिवसांनी तिची चुलतसासू आली. पार्वताकाकी. मदतीला आले म्हणाल्या. हातात पितळी डबा, काखेत वळकटी, आणि डोळे असे की आल्या आल्या आमच्या माजघरातली एकूण एक वस्तू त्यांनी मोजून घेतली असावी. मागचं लेकरू या घरात गेलं, तेव्हा या घरातच काहीतरी आहे, असं सासरच्या मंडळींना वाटतं हे मायला न सांगता कळलं. आणि लेकरू पोटात असताना पोरगी त्यांच्याकडे राबत होती, तेव्हा जे काय झालं ते तिकडेच झालं, असं मायला वाटतं हे काकींना न सांगता कळलं. तोंडानं मात्र दोघी एकमेकींना 'ताई' म्हणत आणि पानाचा डबा पुढे सरकवत.

ताईच्या जेवणाचं काकींनी आल्या दिवसापासून आपल्याकडे घेतलं. "तुम्ही शेतातून थकून येता, माह्याच्यानं बसून होते," असं गोड बोलून त्यांनी परसातल्या मातीच्या चुलीवर आपलं वेगळं मांडलं. मायनं आतली चूल विझू दिली नाही. त्यामुळे घरात रोज दोन भाज्या शिजायच्या. आत मायची अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी. परसात काकींची वांग्याची, तीही तेल जपून. दोन्ही वाट्या ताईच्या ताटात आल्या की दोघी दोन दारांत उभ्या राहून ती आधी कुठल्या वाटीला हात लावते ते बघत. ताई शहाणी. ती आधी जवसाची चटणी भाकरीला लावायची, आणि मग दोन्ही भाज्या एकत्र कालवून खायची. मी तेव्हा नुकतीच मॅट्रिक नापास होऊन घरी बसले होते, त्यामुळे हे सगळं बघायला माझ्याकडे भरपूर वेळ होता.

मग खड्डे पडायला लागले. सकाळी ढीग सपाट असायचा आणि संध्याकाळी बाबा नवी गाठोडी उलटी करायला जात, तर खिडकीखालच्या कोपऱ्यात कापूस दबलेला. खाली दोन बारके खळगे आणि वर एक मोठा, जसं कोणी मिठी मारून काही उचलून नेलं असावं. वेचणीच्या दिवसांत गावात कापूस चोरीला जायचा, लुगड्याच्या ओच्यात, धोतराच्या सोग्यात. धान्याच्या राशीवर राखेचे ठसे मारून ठेवायची बाबांची सवय होती; कापसावर राख चालत नाही, म्हणून त्यांनी कडुलिंबाच्या काड्या आडव्या-उभ्या मांडून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी काड्या विस्कटलेल्या. बाबांनी नामदेवकडे बघितलं, नामदेवनं बाबांकडे बघितलं, आणि बैल सोडता सोडता तो मला म्हणाला, "बेबी, मालकाले म्हना, नजरेनं मारू नका, तोंडानं बोला."

मायची नजर मात्र माझ्यावर होती. वेचणीला येणाऱ्या बायांबरोबर गाठोडी उचलायला एक पोरगा यायचा, तो बरा गात असे, आणि मी एकदा त्याला पाणी दिलं होतं. एवढ्यावर मायनं काय काय रचलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक. एक दिवस माझ्या वेणीत कापसाचा पुंजका निघाला. वेचणीच्या दिवसांत तो गावातल्या म्हशीच्या शेपटीतही निघाला असता. पण मायनं तो चिमटीत धरून मला दाखवला आणि चुलीत टाकला. मला असा राग आला. खोटा आळ आला की माणसाला खरा चोर पकडायची जी घाई होते ती मला झाली, आणि मी ठरवलं की आता मीच बघते.

दुपारी सगळे शेतात गेले की घरात ताई, काकी आणि मी एवढ्याच राहायचो. काकी जेवण झाल्यावर परसात खाटेवर घोरायच्या, निदान घोरल्याचा आवाज तरी यायचा. मी कापसाच्या खोलीत जाऊन ढिगाच्या मागच्या अंगाला, भिंतीशी, गळ्यापर्यंत कापसात बसले. आत घाम यायला लागला, नाकात तंतू जायला लागले. बऱ्याच वेळानं दार वाजलं आणि आत आली ती ताई. तिनं कडी लावली. कान देऊन बाहेरचं ऐकलं. मग पदर कमरेला खोचला आणि खिडकीचे गज धरून उकिडवी बसली. थोडा वेळ बसली, मान हलवून उठली. मग कुशीवर लवंडली, एक पाय उचलून पोतं त्याच्याखाली घातलं, तेही आवडलं नसावं. शेवटी खिडकीखाली ढिगाशी गुडघे टेकले, दोन्ही हात पसरून कापसाला मिठी मारली, गाल त्याच्यावर टेकवला आणि कंबर हळूहळू इकडून तिकडे हलवायला लागली. तोंडानं बारीक आवाज काढत होती. मला वाटलं, हिच्या अंगात आलं. गिरडच्या टेकडीवर दर्ग्यात मी बाया अशा घुमताना पाहिल्या होत्या. सासरच्यांनी काही केलं की मायनं काही केलं, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात चालू झाला, आणि तेवढ्यात मला शिंक आली.

"कोन हाये?" ताई दचकून उठली नाही, तिला उठताच येईना. ती तशीच कापसाला धरून राहिली.

मी बाहेर आले. "ताई, तुले काय झालं? मी मायले बोलावू?"

"मायले नाई," ती इतक्या पटकन म्हणाली की मी जागीच थांबले. "बस इथं. शकल पाह्य तुही, भूत दिसलं जसं."

"मंग तू हे काय करून राह्यली?"

"जागा पाहून राह्यली. कशी बसली तर बरं वाटते ते पाहून राह्यली." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "अशी गुडघ्यावर टेकली का कंबर मोकळी होते. लेकरूही आतमंधी चूप बसते. कापूस दबते पन टोचत नाई, आन् कोनी उरावर बसत नाई."

मला हसू आलं. बाळंत व्हायला माणूस जागा बघतं, शोधून ठेवतं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. बाई खाटेवर आडवी होते, सुईण येते, बाकीच्या धरतात, एवढंच मला माहीत. ताई हसली नाही. मागच्या वेळचं ती तेव्हा पहिल्यांदा कोणाला तरी सांगत असावी. सरूबाईनं, आमच्या गावच्या सुईणीनं, तिला उताणी निजवलं होतं. सरूबाईला दिसायला कमी आणि गुडघे धरलेले, ती खाली वाकू शकत नव्हती, म्हणून बाई खाटेवर उताणीच पाहिजे. ताईला तसं पडल्यावर श्वास पुरेना. ती म्हणत होती, मला बसू द्या, मला उठू द्या.

"आन् मायनं माहे खांदे धरले," ताई म्हणाली. "दोन्ही हातानं, साऱ्या वजनानं. हलू नको, हलू नको, म्हणे. मी उठाले गेली का ते आनखी दाबे. बेबी, लेकरू तवा हलत होतं. मले समजत होतं. मंग हलेना झालं. मले उठू देल्लं असतं तं..."

"मायनं मुद्दाम केलं काय?"

"मी कुठी म्हनलं मुद्दाम? पन तिचे हात पाह्यले का मले अजून दम लागते. माह्या केसाले तेल लावते ना रोज, मी डोळे मिटून बसतो."

मी विचारलं, मग इकडे आलीसच कशाला. ती म्हणाली, "तिकडे मले कोनी विचारलंच नसतं. इथं भांडता तरी येते." आणि भांडायचं धाडस अजून होत नव्हतं म्हणून ती खोलीत लपून मिठी मारायची जागा शोधत होती. कोणाला सांगायचं नाही, असं तिनं मला बजावलं. कापसाच्या खोलीत बाळंतपण म्हटलं की विटाळावरून मायनं घर डोक्यावर घेतलं असतं, आणि काकींनी तर तेवढंच धरून ठेवलं असतं.

आज मी वर्ध्याला नालवाडीत राहते. मागच्या महिन्यात ताईच्या नातसुनेबरोबर एका दवाखान्यात गेले होते. तिथं भिंतीवर चित्रं लावलेली: बाई मोठ्या रबरी चेंडूवर बसलीय, बाई गुडघ्यावर टेकून उशीला धरून आहे, बाई नवऱ्याच्या गळ्यात हात घालून उभी आहे. नर्स सांगत होती, तुम्हाला जी बरी वाटेल ती. मी त्या गुडघ्यावरच्या बाईपाशी जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन, कारण पोरीनं मला विचारलं, "आजी, चक्कर येतेय का?" आडवं निजवल्यानं ते पहिलं लेकरू गेलं का, हे मी एका डॉक्टरीणबाईंना विचारलंही होतं. त्या म्हणाल्या, आता सांगता येत नाही. पोटात वेगळंही काही झालेलं असू शकतं. मी ते ताईला कळवलं. ती म्हणाली, "असन." एवढंच.

तर मी गप्प बसले, आणि गप्प बसल्याचा परिणाम असा झाला की आठवडाभरात बाबांनी समुद्रपूरच्या बाजारातून एक मोठं पितळी कुलूप आणलं आणि कापसाच्या खोलीला ठोकलं. किल्ली मायनं कमरेला लावली. नामदेवला वाटलं कुलूप त्याच्यासाठी आहे, मला वाटलं माझ्यासाठी आहे, काकींना वाटलं आत नक्की काहीतरी पुरून ठेवलंय. ज्या एकीचं त्या कुलुपानं खरंच अडलं होतं तिनं तोंड उघडलं नाही. ती दुपारी त्या दाराशी उभी राहून कडीला हात लावून बघायची आणि माघारी यायची. मी म्हटलं, ताई, आता सांगून टाक. ती म्हणाली, "मागीतलं आन् नाई म्हनलं तं? मंग कुठी जाऊ?"

कळा सुरू झाल्या त्या सकाळी, भाकरी थापायच्या वेळेला. बाबांचं आधीच ठरलेलं होतं की या वेळी सरूबाईच्या भरवशावर राहायचं नाही, गाडी करून हिंगणघाटला न्यायचं. ते नामदेवला घेऊन बैलबंडीनं जाम गावाला निघाले. तिथं चौरस्त्यावर ट्रक, जीप, काहीतरी मिळायचंच. आजची मी तिथं असते तर ताईला उचलून गाडीत घातलं असतं, यात शंका नाही. पण त्या दिवशी गाडी लवकर येऊ नये असं मला वाटत होतं, आणि असं वाटल्याबद्दल माझीच मला भीती वाटत होती. ताई अंगणात फेऱ्या मारत होती आणि दर फेरीला त्या कुलुपाकडे बघत होती. उन्हं वर आली तरी गाडीचा पत्ता नव्हता. कळा मात्र थांबायला तयार नव्हत्या. सरूबाई आली, डोळ्यावर हात धरून तिनं ताईकडे बघितलं आणि म्हणाली, "जामवरून गाडी येते तवर हे राह्यत नाई. खाट टाका."

मायनं मधल्या घरात खाट टाकली. मग आमच्याकडची रीत सुरू झाली. बाई अडू नये म्हणून घरातली सगळी कुलपं काढायची, पेट्यांची झाकणं उघडी टाकायची, गाठी सोडायच्या. हे काम माझ्याकडे आलं. मी मायची ट्रंक उघडली, धान्याच्या कोठीचं तोंड उघडलं, देवघराची कडी काढली, दाव्यांच्या गाठी सोडल्या, माझी आणि ताईची वेणी सोडली. काकी माझ्यामागून फिरत होत्या. मी काही बंद ठेवते का ते बघत होत्या. सगळं झाल्यावर त्या मधल्या घरात उभ्या राहिल्या, चहूकडे नजर फिरवली, आणि कापसाच्या खोलीपाशी थांबली ती नजर तिथंच राहिली.

"ताई," त्या मायला म्हणाल्या, आवाज अगदी शांत, "साऱ्या घराची कुलपं काढली. मंग हेच काऊन ठेवलं?"

माय म्हणाली, "तिथं कापूस हाये."

"कापूस असन. पन पोरगी अडली, तं मी घरी जाऊन काय सांगू? का माय असून एक कुलूप राहू देल्लं?"

मायचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरकले. इतके दिवस पानाच्या डब्याआड झाकलेलं त्या बाईनं उघड्यावर ठेवलं होतं. माय चिडली की बोलत नसे. तिनं कमरेची किल्ली उपसली, कुलूप काढलं, आणि दोन्ही दारं अशी ढकलली की भिंतीवर आपटली. "पाहून घ्या," ती काकींना म्हणाली. "काय पुरलं ते पाहून घ्या."

आणि काकी आत बघायच्या आधी ताई, जी खाटेच्या काठावर बसली होती, उठली, आमच्या तिघींच्या मधून चालत आत गेली आणि खिडकीखाली ढिगाशी गुडघे टेकून बसली. कापसाला मिठी मारली. त्या कोपऱ्यातला खड्डा कोणाचा होता ते त्या क्षणी सगळ्यांना एकदम समजलं.

"उठ वं," माय ओरडली. "लक्ष्मी हाये ते."

"मी इथून उठत नाई," ताई कापसात तोंड खुपसून म्हणाली. "इथंच होईन मी. अशीच."

सरूबाई दारातून म्हणाली की असं बाळंतपण मी आयुष्यात केलं नाही, मला खाली दिसत नाही, माझे गुडघे धरलेत. तेवढ्यात ताईला मोठी कळ आली. तिच्या आवाजानं खोली भरली, कापसानं तो आवाज लगेच पिऊनही टाकला. माय धावली. दोन्ही हात पुढे करून धावली. आणि ताईनं मान वळवून तिच्याकडे बघितलं, तशी बघायची वेळ कोणत्याच लेकीवर येऊ नये.

"तू भाएर थांब," ती म्हणाली.

"मी? आन् ही इथं थांबन?" मायनं काकींकडे बोट दाखवलं.

"काकी थांबन. बेबी थांबन. तू धरशीन मले."

मायला ते समजायला थोडा वेळ लागला. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून मला तो वेळ दिसला. आधी ती रागावली, मग काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मग तिला ती मागची खाट आठवली असावी, कारण ती स्वतःच्याच हातांकडे बघायला लागली. "सरूबाईनं धरा म्हनलं म्हून धरलं वं," ती म्हणाली. कोणालाच उद्देशून नाही, अशी म्हणाली. सरूबाईनं मान खाली घातली.

"मले भाएर नको काढू," माय मग म्हणाली. "नाई धरत. हात नाई लावत. हे पाह्य." आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवून भिंतीशी उभी राहिली, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी. ताईनं पुन्हा कापसात तोंड घातलं. तिनं हो म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही.

पुढची दुपार मला अजून जशीच्या तशी आठवते. काकींनी पहिल्यांदा आमच्या घरात काही न मोजता काम केलं. जुनी लुगडी आणून ताईच्या गुडघ्यांखाली पसरली, मागे बसून तिची कंबर दाबत राहिल्या. आधी दाबत, मग विचारत, "इथं का वर?" ताई सांगायची, वर, खाली, नको आता. सरूबाई कुरकुरत कापसात रुतून बसली आणि हातानंच अंदाज घेत राहिली. ताई डोलायची, थांबायची, कूस बदलायची, पुन्हा गुडघ्यावर यायची. तिला कोणी हलू नको म्हटलं नाही. मी तिच्या तोंडाशी पाण्याचा तांब्या धरून होते आणि मधूनमधून वळून मायकडे बघत होते, कारण माझा तिच्यावर विश्वास नव्हता. मला वाटत होतं, एखादी मोठी कळ आली की ही धावणारच. कळ आली की मायचे खांदे पुढे यायचे, पाय अर्धं पाऊल सरकायचे, ओठ हलायचे. हात मात्र मागेच. एकदा ताईनं असा आवाज काढला की मायनं भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि तेव्हा मला तिचे हात दिसले. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट इतकं आवळलं होतं की काचेच्या बांगड्या फुटून त्याच्यात रुतल्या होत्या.

लेकरू आलं ते सरूबाईच्या हातात नाही, खाली लुगड्यावर, कापसाच्या कुशीत आलं. आणि रडलं नाही. मी वरती ताईच्या केसांत बोटं घालून बसले होते, मला काही दिसत नव्हतं, फक्त कोणी काही बोलत नाही एवढं कळत होतं. ताई विचारायला लागली, "हलते काय? काकी, हलते काय?" सरूबाईनं त्याला उपडं घेऊन पाठ चोळली, तोंडात बोट फिरवलं. मग एक बारीक शिंक ऐकू आली. कापसाचा तंतू नाकात गेला असावा. आणि शिंकेपाठोपाठ असं रडणं सुरू झालं की परसातल्या कोंबड्याही ओरडायला लागल्या.

मुलगी होती. काकींनी ती वर उचलून उजेडात बघितली, हात, पाय, बोटं. "सारं जागच्या जागी हाये," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते ऐकून मला रडू आलं. बाबा जीप घेऊन आले तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणातच त्यांना मुलगी झाल्याचं आणि कुठं झाल्याचं दोन्ही एकदम समजलं. ते नामदेवला म्हणाले, "कुलूप काढून ठेव, आता नाई लागत." आमच्या बाबांना माफी मागता येत नसे, ते असंच काहीतरी म्हणत. दबलेला तेवढा कापूस त्यांनी वेगळा काढला आणि विकला नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्याआधी, ताईला मागे टेकवून बसवलं होतं आणि मुलगी तिच्या छातीशी होती, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की माय अजून भिंतीशी तशीच उभी आहे. हात मागे. सगळे तिला विसरूनच गेले होते. तिनं ताईकडे बघितलं आणि विचारलं, "आता हात लावू काय?"

काकी मुलीला घ्यायला पुढे झाल्या, मायच्या ओटीत द्यायला. आम्हाला सगळ्यांना वाटलं ती नातीबद्दलच विचारते आहे. ताई तिच्याकडे बघत राहिली. दम लागतो का ते बघत असावी. मग म्हणाली, "लाव."

माय आली, खाली बसली. मुलीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मनगटाला काचा टोचलेल्या, ते दोन्ही हात तिनं ताईच्या खांद्यांवर ठेवले, अगदी हलके, वजन न टाकता, आणि ताईनं डोळे मिटले नाहीत.